स्टोअरच्या ताई गेल्या; शोकसभेत काय बोलायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतेय ते कळेल. कुपवाड एमआयडीसीतल्या तुमच्या कारखान्यात २७ वर्षं स्टोअर सांभाळणाऱ्या ताई गेल्या महिन्यात कॅन्सरने गेल्या. घरी पती, पुण्यात नुकताच नोकरीला लागलेला मुलगा आणि बारावीतली मुलगी. मॅनेजमेंट म्हणतंय, कँटीनमध्ये फोटो लावू, दोन मिनिटं उभे राहू. तुम्हा लोकांना तेवढ्यावर भागवायचं नाही. बोलायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय आणि तुम्ही लिहिलंय, "'ताई आम्हा सगळ्यांची आईच होत्या' एवढं पहिलं वाक्य लिहिलं आणि पुढे काही सुचेना." शिवाय मुलांना बोलवावं की नाही यावरून तुमच्यात दोन तट आहेत, आणि पैसे जमवायला कुणीतरी सुरुवातही केलीय.

पुढे सुचलं नाही ते बरं झालं. ते पहिलं वाक्य खोडा. का ते सांगते.

मी नाशिकला सातपूरमधल्या एका कारखान्यातून कामगार कल्याण अधिकारी म्हणून निवृत्त झाले. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम ४९ नुसार ५०० किंवा त्याहून जास्त कामगार असले की हे पद भरावंच लागायचं. कायद्यात कामांची यादी लांबलचक होती. प्रत्यक्षात कँटीनच्या आमटीत पाणी किती इथपासून कुणाकडे मयत झाली तर कोणती गाडी पाठवायची इथपर्यंत सगळं माझ्या टेबलावर यायचं. शोकसभाही माझ्याकडेच. त्यामुळे मी सांगतेय ते शॉप फ्लोअरवर पाहिलेलं आहे, आणि तुमच्याकडे त्यातलं काही लागू पडणार नाही हेही खरं. ताईंच्या घरच्यांना आजाराचं नाव चारचौघांत घेतलेलं चालतं का, घरात कोण कुणाशी बोलतं, मॅनेजमेंट अर्धा तास मशीन बंद ठेवायला तयार आहे का, यावर बरंच ठरेल. ते तुम्हालाच बघावं लागेल.

आता त्या वाक्याकडे येते. शोकसभेत पहिल्या रांगेत तिची स्वतःची मुलं बसलेली असतात. त्यांना ही एकच आई होती आणि ती रोज सकाळी कंपनीची बस धरायला निघून जायची. ज्या वेळात ती त्यांच्याजवळ नव्हती त्या वेळात ती तुमच्याजवळ होती. आता एकामागून एक अनोळखी माणसं माइकवर येऊन सांगतात की ती आमचीही आईच होती, आम्हाला रोज डब्यातली भाजी वाढायची, आमच्या पोराबाळांची चौकशी करायची. बोलणाऱ्याच्या मनात शंभर टक्के प्रेम असतं. पण ऐकणाऱ्या मुलीला काय ऐकू येतं, याचा विचार करा. ती भाजी कदाचित तिनेच पहाटे उठून चिरलेली असेल.

दुसरं वाक्य याहून वाईट, आणि ते साहेबलोक हमखास म्हणतात: "२७ वर्षांत ताईंनी कधी विनाकारण रजा घेतली नाही, घरचं कितीही असो, त्या ड्युटीवर हजर." ऑफिसात हे प्रशस्तिपत्र. घरात हाच हिशेब उलटा मांडलेला असतो. गॅदरिंगला आई नव्हती, ताप होता तेव्हा आजी होती, दहावीच्या पेपरला बाबा सोडायला आले. आमच्याकडे एका मुलाने हे वाक्य ऐकल्यावर खुर्ची मागे सरकवली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. शेवटपर्यंत आत आला नाही. साहेबांना काय झालं ते कळलंही नाही. म्हणून तुमच्या साहेबांना आधी भेटा आणि नम्रपणे सांगा की हजेरीचा विषय नको. ते ऐकतील. बहुतेक साहेबांना असल्या सभेत काय बोलावं ते सुचत नसतं, कुणी सांगितलं तर सुटल्यासारखं वाटतं.

मग बोलायचं काय? मुलांना माहीत नसलेली त्यांची आई त्यांना सांगायची. एवढं एक धरून ठेवलंत तर बाकीचं आपोआप जमेल. ती घरी कशी होती हे त्यांना तुम्ही सांगायची गरज नाही, ते त्यांना पाठ आहे. पण गेटच्या आत शिरल्यावर ती कोण व्हायची, हे त्यांनी कधी पाहिलेलं नाही आणि आता ते सांगणारे फक्त तुम्ही लोक उरलात.

आमच्या वाइंडिंग सेक्शनमधल्या एक ताई अशाच गेल्या. सभेत पाच-सहा जण बोलले. प्रेमळ, हसतमुख, मनमिळाऊ, मातृतुल्य. मुलगी मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. मग एक ऑपरेटर उठली, बोलायची अजिबात सवय नसलेली. माइक नको म्हणाली आणि जागेवरूनच बोलली. "मी नवीन होते. माझ्या कॉइलला वेढे कमी भरले. तशीच पुढे गेली असती तर रिजेक्शनला माझं नाव लागलं असतं. ताईंनी अख्खी कॉइल उलगडली आणि मला शेजारी बसवून म्हणाल्या, मोज. मनात नको, तोंडाने मोज. तेवढ्यात बस गेली. मग आम्ही दोघी रिक्षाने घरी गेलो, पैसे त्यांनीच दिले, आणि वाटेत मला इतकं बोलल्या की मी रडले." एवढं बोलून ती बसली. मुलीने मान वर केली होती. सभा संपल्यावर ती त्या ऑपरेटरला शोधत आली आणि म्हणाली, "पाढे म्हणताना मला पण हेच सांगायची. मनात नको, तोंडाने म्हण." मग तिने विचारलं, "इथे चिडायची का हो ती?" दोघी गेटजवळ बराच वेळ उभ्या होत्या. सेकंड शिफ्टची बस येऊन गेली तरी.

या ऑपरेटरने ताईंची स्तुती केलीच नाही, हे लक्षात घ्या. त्या कडक होत्या, बोलायच्या, रडवायच्या, हेच सांगितलं. पण मुलीला त्यात तिची आई ओळखू आली. 'मातृतुल्य'मध्ये ती कुणालाच ओळखू येत नाही, कारण तो शब्द कोणत्याही बाईच्या फोटोखाली चालतो.

तुमच्या ताईंना मी ओळखत नाही, पण स्टोअर ओळखते. रात्रपाळीला मशीन बंद पडतं, मेंटेनन्सवाला धावत येतो, ६२०५ चं बेअरिंग हवं. सिस्टीममध्ये शिल्लक दाखवतेय आणि रॅकवर काही नाही. अशा वेळी कोणत्या जुन्या खोक्यात दोन नग पडलेत हे अख्ख्या कारखान्यात एकाच माणसाला माहीत असतं आणि त्याला घरी फोन लागतो. तुमच्या ताईंना असे फोन गेले असणारच. मुलांनी त्यांना अर्धवट झोपेत "तिसरा रॅक, खालचा कप्पा, निळं खोकं" असं बोलताना ऐकलं असेल आणि पुन्हा झोपली असतील. फोनच्या दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं, कोण घामाघूम होऊन उभं होतं, त्या निळ्या खोक्यामुळे लाइन किती वाजता सुरू झाली, हे त्यांना कुणी सांगितलंय? ते तुम्ही सांगा. घरचा अर्धा भाग त्यांच्याकडे आहे, कारखान्यातला तुमच्याकडे, आणि ते दोन तुकडे एकदा एकमेकांना लागले की मुलं स्वतःच पुढचं बोलायला लागतात.

असले प्रसंग गोळा करायची माझी पद्धत साधी होती. "ताईंबद्दल दोन शब्द सांगा" असं कुणाला म्हणायचं नाही. तसं म्हटलं की लोक लगेच सभेची भाषा बोलतात. त्याऐवजी चहाच्या वेळी जवळ बसून विचारायचं: तुमचं त्यांच्याशी कधी वाजलं होतं का? कशावरून? इश्यू स्लिप नसताना माल मागितला तर काय म्हणायच्या? बिन कार्डावर, म्हणजे रॅकवरच्या मालाच्या आवक-जावक नोंदीच्या कार्डावर, खाडाखोड दिसली तर? कुणाला काय नावाने हाक मारायच्या? स्टॉक टेकिंगच्या दिवसांत कशा वागायच्या? शेवटी काय बोलणं झालं? भांडणाच्या प्रश्नाने माणूस सगळ्यात लवकर मोकळा होतो. सिक्युरिटीवाला, हमाल, कँटीनचा पोऱ्या, माल घेऊन येणारा टेम्पोवाला यांना विसरू नका. स्टोअरच्या माणसाचा दिवस यांच्याबरोबर जातो आणि सभेत यांना कुणी माइक देत नाही.

मिळालेल्यातले दोन प्रसंग घ्या, फार तर तीन. कागदावर लिहा आणि वाचूनच बोला. पाठ करून बोलायला गेलात तर मधेच आवाज जाईल आणि मग हाताशी काही उरणार नाही. चार मिनिटांच्या वर नको. आजाराचं वर्णन नको, 'शेवटपर्यंत झुंज दिली' तर नकोच. ती झुंज मुलांनी हॉस्पिटलच्या खुर्चीवर बसून पाहिलीय, तुम्ही त्यांना ती काय सांगणार. 'देवालाही चांगली माणसं लवकर लागतात' हे वाक्य कुणाच्या कागदावर दिसलं तर हळूच काढून टाका.

सभेची वेळ नीट निवडा. तुमच्याकडे सात-तीन आणि तीन-अकरा अशा पाळ्या असतील तर अडीच वाजता घ्या, म्हणजे जाणारे आणि येणारे दोन्ही सापडतात. अर्ध्या तासाची परवानगी आधी लेखी घ्या, नाहीतर ऐन वेळी सुपरवायझर घड्याळ दाखवत उभा राहतो. आधी साहेबांना बोलू द्या आणि त्यांचं थोडक्यात होऊ द्या. मग तुम्ही, मग ज्यांना जागेवरून बोलायचंय ते. शोकठराव वाचायचा असेल तर शेवटी. त्याची एक सही-शिक्क्याची प्रत घरी द्यायची असते, ती लॅमिनेट करून देऊ नका, साध्या पाकिटात द्या. गेटवर 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स लावायचा की नाही हे घरच्यांना विचारा. त्यावर खाली शुभेच्छुकांसारखी वीस नावं आणि फोटो टाकायचे असतील तर न विचारताच रद्द करा.

घरचे हिंदू असतील तर तेराव्याच्या आत त्यांना कारखान्यात बोलावू नये. तुमच्याकडे महिना होऊन गेलाय, तेव्हा अडचण नाही. बौद्ध कुटुंब असेल तर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तुमच्यातले लोक गेले असतीलच, तिथल्या पद्धतीने फोटोसमोर मेणबत्ती आणि पुष्प. मुस्लिम कुटुंब असेल तर फोटो आणि हार मुळात मांडूच नका, आधी विचारा. हे मी सांगायची गरज पडू नये, पण समई लावून आणि हार घालून झाल्यावर घरचे दारात थबकलेले मी पाहिलेत.

मुलांना बोलवायचं का? 'रडतील' म्हणून न बोलावणारे लोक खरं तर स्वतःला रडू येईल म्हणून घाबरलेले असतात. बोलवा, पण ठरवू द्या त्यांना. फोन मुलाला आणि मुलीला वेगवेगळा करा. वडिलांमार्फत निरोप दिलात तर मुलीचं उत्तर वडीलच देतात. सांगा की बोलावं लागणार नाही, स्टेजवर बसावं लागणार नाही, मधून उठून गेलं तरी चालेल. आणि सभेआधी किंवा नंतर त्यांना स्टोअर दाखवा. हे माझ्या लेखी सभेपेक्षा मोठं काम आहे. आई जिथे उभी राहायची ती खिडकी, तिच्या अक्षरातली रॅकवरची लेबलं, तिची खुर्ची. बाहेरच्या माणसाला आत न्यायला गेटपास लागेल, सेफ्टी शूजचा प्रश्न येईल, त्याची सोय आदल्या दिवशी करून ठेवा. गेटवर मुलांना रजिस्टरमध्ये 'कोणाला भेटायचे' या रकान्यात काय लिहायचं असा प्रश्न पडू नये. सिक्युरिटीला आधीच सांगून ती नोंद तुमच्या नावाने करून ठेवा.

आता ड्रॉवर. तो अजून उघडला नसेल तर एकट्याने उघडू नका आणि नवीन माणूस यायच्या आत रिकामा करायचा म्हणून घाईने खोक्यात ओतू नका. दोघी जणी बसा, एक घरच्यांपैकी असेल तर उत्तम. कंपनीचं वेगळं, घरचं वेगळं, आणि दोन्हीची यादी. बायकांच्या ड्रॉवरमध्ये काय निघतं ते तुम्हाला ठाऊक आहे: सेफ्टी पिना, सुई-दोरा, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या, डब्याचा जादा चमचा, वाचायचा जुना चष्मा, एसीसाठी ठेवलेली शाल. एका ताईंच्या ड्रॉवरमध्ये गेल्या कित्येक वर्षांची कॅलेंडरं गुंडाळून ठेवलेली निघाली. सगळ्यांच्या घरी त्या चौकोनांत दुधाचा हिशेब असतो. या कॅलेंडरांवर एका बाजूला मालाच्या तारखा आणि त्याच चौकोनात खाली बारीक अक्षरात 'फी', 'लस', 'पालकसभा ४ वा.', 'वह्या कव्हर'. काही पालकसभांवर काट मारलेली होती, काहींवर गोल. मुलांना ती आम्ही तशीच दिली. सांगण्याचा मुद्दा असा की 'फालतू कागद' म्हणून काही टाकायच्या आधी उलगडून बघा.

त्याच ड्रॉवरमध्ये भिशीची वही असण्याची दाट शक्यता आहे. सगळ्यांचा विश्वास असलेल्या बाईकडेच भिशी असते. कुणाचा नंबर लागला, कुणाचा बाकी, कुणी उचल घेतलीय, हे पहिल्या पंधरा दिवसांत सभासदांनी एकत्र बसून मिटवायचं असतं. तुमच्याकडे तेवढे दिवस निघून गेलेत, तेव्हा या आठवड्यात बसा. घरच्यांच्या दारात भिशीचे पैसे मागायला कुणी एकट्याने जाता कामा नये. तसंच कर्मचारी पतसंस्थेचं. ताईंचं कर्ज असेल तर जामीनदारांच्या पोटात गोळा आलेला असतो आणि तोंडाने कुणी काही बोलत नाही. संस्थेच्या सचिवाला भेटा, शेअर्स आणि ठेव वजा जाता काय राहतं ते काढा, मयत सभासदासाठी काही निधी आहे का ते पोटनियमांत बघा. हे स्पष्ट झालं की जामीनदारही मोकळ्या मनाने सभेला येतात.

पैशाबद्दल आणखी थोडं, कारण माझ्या मते आठवण ठेवणं इथून सुरू होतं. पाकीट जमवा, चांगलं आहे, पण त्याआधी कायद्याने त्यांचं जे आहे ते मिळतंय का बघा. ग्रॅच्युइटीचा हिशेब शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. समजा तो पगार २६,००० असेल तर २७ वर्षांचे ४,०५,००० होतात. तुम्ही जमवाल त्या पाकिटापुढे ही रक्कम केवढी आहे ते बघा. पीएफची शिल्लक वेगळी. पीएफबरोबरचा ईडीएलआय हा विमा बऱ्याच कुटुंबांना माहीतच नसतो, त्याची कमाल मर्यादा ७ लाख आहे. पेन्शन योजनेत पतीला पेन्शन लागू होते आणि २५ वर्षांखालच्या दोन मुलांपर्यंत प्रत्येकी त्याच्या २५ टक्के. तुमच्या ताईंची मुलगी त्यात बसते. मुलगा वयात बसत असेल तर तोही, नोकरी लागली म्हणून सोडून देऊ नका, अर्जात नाव घाला. ताई ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत असतील तर अंत्यविधीच्या खर्चाचे १५,००० रुपये मिळतात.

बायकांच्या बाबतीत दोन ठिकाणी गाडी अडते. लग्नाआधी नोकरीला लागलेल्या असतील तर पीएफवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि मृत्यूच्या दाखल्यावर तिसरंच काहीतरी. आणि नॉमिनेशन लग्नाआधीचं, म्हणजे वडिलांच्या किंवा भावाच्या नावाने. लग्नाआधी केलेलं पीएफचं नॉमिनेशन कुटुंब झाल्यावर रद्द समजलं जातं, तेव्हा त्यावरून घरात वाद होऊ देऊ नका. पण कागद जुळवायला तुमच्या टाइम ऑफिसमधलं कुणीतरी हवं. वडील आणि बारावीतली मुलगी पीएफ ऑफिसच्या खेपा घालत बसतील, हे मला बघवत नाही. तुमच्यातला एक जण नेमा, त्याचा नंबर घरी द्या, आणि सभेत त्याचं नाव जाहीर करू नका. पाकिटाचंही तसंच. किती जमले, कुणी किती दिले, हे माइकवर वाचायचं नाही. दोघांनी घरी जाऊन द्यायचं आणि निघायचं.

आता कायमचं काहीतरी. कँटीनमधल्या फोटोला माझा विरोध आहे. पहिलं वर्ष हार बदलतो, दुसऱ्या वर्षी प्लॅस्टिकचा येतो, तिसऱ्या वर्षी त्याच्यावर तेलकट धूळ बसते आणि खाली कुणीतरी भजी खात मॅचचा स्कोअर बघत असतो. मॅनेजमेंटला फोटोच हवा असेल तर स्टोअरमध्ये लावू द्या. तिथे ओळखणारी माणसं जास्त काळ राहतात.

मुलीच्या शाळा-कॉलेजात बक्षीस ठेवायची कल्पना तुमच्याकडे कुणीतरी मांडेलच. ५०,००० ची ठेव आणि सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला ३,५०० येतात, आज ते बरे वाटतात. पण आपल्या शाळांच्या बक्षीस समारंभात 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ रुपये एक्कावन्न' असं आजही वाचतात आणि मागच्या बाकांवर हसू फुटतं. ती ठेव ठेवली तेव्हा एक्कावन्नला किंमत होती. ठेवायचंच असेल तर दर काही वर्षांनी भर घालणारी दोन माणसं आधी ठरवा, नाहीतर एकदाच मुलीच्या पुढच्या शिक्षणाला द्या.

मला विचाराल तर दोन गोष्टी करा. एक, ताईंच्या डोक्यातलं स्टोअर लिहून काढा. कोणता पार्ट कशाला चालतो, कोणता सप्लायर दिवाळीआधी माल अडवतो, त्यांनी लावलेले स्वतःचे कोड. नवीन येणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी ती वही द्या आणि पहिल्या पानावर त्यांचं नाव असू द्या. हे काम त्यांच्या हाताखालच्या हेल्परला घेऊनच करावं लागेल, अर्धं त्याला माहीत असतं.

दुसरी, फोटो. घरच्या अल्बममध्ये आई बहुतेक नसतेच, कारण ती कुणाला तरी हाताला धरून उभी किंवा स्वयंपाकघरात. कारखान्याच्या फोटोंत ती सापडते. खंडेनवमीच्या पूजेचे दरवर्षीचे फोटो काढा, नवी साडी, मशीनला झेंडूची माळ, दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसऱ्या ताई. सेफ्टी वीक, हळदीकुंकू, कुणाच्या तरी निवृत्तीचा समारंभ. लोकांच्या मोबाइलमधलेही मागवा. प्रिंट करा, प्रत्येकाच्या मागे पेनने साल, प्रसंग आणि बाजूला कोण उभं आहे त्यांची नावं लिहा. तुम्ही गोळा केलेले सगळे प्रसंग, भाषणात न घेतलेले सुद्धा, ज्याने त्याने आपल्या हाताने एकेका पानावर लिहावेत. शुद्धलेखन तपासू नका, हमालाचं पान हमालाच्या अक्षरातच राहू द्या. हे सगळं एका फाइलला लावून मुलांच्या हातात द्या. ती फाइल त्या दिवशी उघडली जाणार नाही. मुलगी कदाचित काही वर्षांनी, स्वतः नोकरीला लागल्यावर उघडेल.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून त्यांचा नंबर काढायची घाई नको. बऱ्याचदा तो फोन मुलीकडे असतो आणि ती तुमचे मेसेज वाचत असते. म्हणून आधी तिला विचारा आणि तोवर ग्रुपवर काय टाकताय याचं भान ठेवा.

बारावीची मुलगी आहे, म्हणजे पुढचे काही महिने परीक्षा, निकाल, प्रवेश. ऑफिसचे लोक पहिल्या पंधरवड्यात झुंडीने जातात आणि मग एकदम थांबतात. तुमच्यातल्या दोघींनी आत्ताच ठरवून घ्या की निकालाच्या दिवशी फोन कोण करणार आणि प्रवेशाच्या वेळी कागदपत्रं घेऊन सोबत कोण जाणार. वर्षश्राद्धाला बोलावणं आलं तर जा, नाही आलं तर त्या आठवड्यात साधं भेटून या.

भाषण लिहून झालं की मला पाठवा, बघून सांगते. ताईंचं कुणाशी आणि कशावरून वाजलं होतं ते त्यात आलंय का, हे मी आधी बघणार.